भावाच्या गोळ्या चुकताहेत आणि मी चोरून मोजत बसले आहे. काय करू?

मोठीबहीण:

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. जरा लांबेल, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं, लगेच औषधं सुरू झाली. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही मिळून एकच गोळी. रात्री ९ ला घ्यायची असं पहिल्या दिवशी ठरलं, तेव्हापासून तीच वेळ. तो माझ्याकडेच राहतो. घरात मला एकटीलाच माहीत आहे, माझ्या नवऱ्यालाही नाही. डबीवरचं लेबल त्यानं नखांनी खरवडून काढलंय, तिथे नुसता गोंदाचा चिकट डाग उरलाय.

आधीचे सगळे रिपोर्ट छान होते, व्हायरस सापडतच नव्हता. गेल्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, २,३०० आला. समुपदेशकांनी विचारलं, "गोळ्या चुकतात का?" हा म्हणाला, "नाही." मी शेजारीच बसले होते. त्यानं नाही म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही, तेवढ्यानंच मला कळलं.

मग मी मोजायला लागले. तो आंघोळीला गेला की त्याच्या कपाटातून डबी काढायची, ओढणीवर गोळ्या ओतायच्या (ताटलीत ओतल्या तर वाजतात), मोजायच्या आणि पाण्याचा आवाज थांबायच्या आत जागेवर ठेवायच्या. ३० ची डबी १ तारखेला उघडली. २१ तारखेला सकाळी १० उरायला हव्या होत्या, उरल्या १४. म्हणजे वीस दिवसांत चार चुकल्या.

त्या दिवशी पकडले गेले. त्या डबीचं झाकण दाबून फिरवावं लागतं, बंद होताना कट् असा आवाज येतो. नळ नेमका बंद झालेला. तो दारात येऊन म्हणाला, "ताई, तू पोलीस आहेस का?" तेव्हापासून चार दिवस माझ्याशी धड बोललेला नाही. डबी आता कपाटात नसते, कामाच्या बॅगेत असते.

मला विचारायचंय ते असं. रोज मीच हातावर गोळी ठेवू का? चार गोळ्या चुकल्यानं एवढा लोड वाढतो का? आणि औषध आता कायमचं निकामी झालं का? रात्र रात्र झोप नाही मला.

परखड_बोल:

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. जिवाशी खेळ आहे हा. समोर उभं राहून गोळी गिळायला लावा, तोंड उघडून दाखवायला सांगा. रुसतोय तर रुसू दे, आठवडाभरात येईल ताळ्यावर. लाड फार झालेत.

निवांत:

एक शंका. महिन्यातून चार-पाच दिवस औषध बंद राहिलं तर एवढं काय बिघडतं? उलट लिव्हरला जरा विश्रांती मिळत असेल ना? एवढं जड औषध जन्मभर म्हणजे शरीरानं तरी किती सोसायचं.

तेरा_वर्षं:

मी स्वतः तेरा वर्षं गोळ्या घेतोय, म्हणून लिहितो.

परखडराव, माझ्या वडिलांनी नेमकं तेच केलं होतं. समोर उभे राहायचे. मी गोळी गालात धरायचो आणि बेसिनमध्ये थुंकायचो. तीन महिने. मरायचं नव्हतं हो मला. पण दिवसभरात एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती आणि तीही कुणी हिसकावून घेतंय असं वाटायचं.

ताई, अजून एक. बाकीच्यांना वाटतं गोळी विसरते. पहिल्या काही वर्षांत माझी गोळी कधीच विसरली नाही, उलट तिचीच आठवण नको व्हायची. दिवसभर मी कामात, मित्रांत, हसण्यात असतो आणि बरोबर ठरल्या वेळी ती पांढरी गोळी सांगते, तुला काय झालंय ते लक्षात आहे ना? एखाद्या रात्री वाटतं, आज नको. आज मी नॉर्मल. भावाला असं होतंय का ते मला माहीत नाही. पण 'निष्काळजी' हा शब्द वापरण्याआधी हेही डोक्यात असू द्या.

समुपदेशक_मावशी:

मी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करते, आता चौदा वर्षं झाली. हा धागा काल रात्रीच वाचला होता, आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निवांत यांची शंका, कारण ती धोक्याची आहे. 'शरीराला विश्रांती' ही कल्पना डॉक्टरांच्याही डोक्यात एके काळी होती. स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात पाच हजारांहून जास्त लोकांवर ती तपासली गेली. एका गटाचं औषध अखंड चालू, दुसऱ्या गटाचं सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) चांगला असला की थांबवायचं आणि खाली आला की पुन्हा सुरू करायचं. २००६ साली अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण थांबवणाऱ्या गटात आजारपणं आणि मृत्यू दोन्ही जास्त होत होते. आणि ज्या लिव्हरची, हृदयाची, किडनीची काळजी म्हणून विश्रांती द्यायची, त्यांचेच गंभीर त्रास त्या गटात जास्त निघाले. कारण साधं आहे. औषध व्हायरसला मारून संपवत नाही, त्याची नक्कल व्हायची थांबवतं. काही सीडी४ पेशींत तो झोपून असतो. औषध उतरलं की तो उठतो, बहुतेकांत दोन-चार आठवड्यांत रक्तात पुन्हा दिसायला लागतो. तेव्हा विश्रांती नको.

आता ताई, तुमच्याकडे येते.

औषध कायमचं निकामी झालं का? एका २,३०० वरून तसं म्हणता येत नाही. १,००० च्या वर आकडा आला की आम्ही पहिल्यांदा गोळ्या कशा घेतल्या जाताहेत ते बघतो, दोन-तीन वेळा नीट बसून बोलतो, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतो. औषध बदलायचं का, हा प्रश्न त्यानंतरचा. डोल्युटेग्राविर या बाबतीत चिवट आहे. पूर्वी एफाविरेन्झ असायचं, त्याचं वाईट होतं. माणसानं गोळ्या बंद केल्या की बाकीची औषधं शरीरातून लवकर निघून जायची आणि एफाविरेन्झ एकटंच दिवसेंदिवस मागे रेंगाळायचं. एकट्या औषधासमोर व्हायरसला वाट शोधायला वेळ मिळायचा आणि त्याच्या जनुकांत नुसता एक बदल झाला तरी एफाविरेन्झ गेलंच. डोल्युटेग्राविरवर आकडा वाढलेली पुष्कळ माणसं तीच गोळी नीट घ्यायला लागली की पुन्हा खाली येतात. येतातच असं लिहून देत नाही, पण तुमची झोप उडावी एवढं काही झालेलं नाही.

गोळ्या मोजण्याबद्दल मात्र माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण मी तुमच्यापेक्षा पट्टीची पोलीस होते.

नोकरीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मी प्रत्येकाची डबी टेबलावर ओतून मोजायचे. जास्त उरल्या की सुनवायचे. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांचा हिशोब दर महिन्याला चोख. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. मी इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे! आणि त्यांचा व्हायरल लोड लाखाच्या वर निघाला. मला पटेचना. म्हटलं, नमुना बदलला असेल. दुसऱ्यांदाही तेच. मग एकदा बाहेर रांग नव्हती, मी वही मिटून ठेवली आणि सहज विचारलं, गेल्या आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस कुठला गेला? त्या खूप वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोरीत टाकते. तुम्ही रागावता ना."

म्हणजे मी गोळ्या मोजायला शिकले होते आणि त्या मला हव्या तेवढ्या उरवायला शिकल्या होत्या. वर्षभर दोघींचं उत्तम चाललं होतं. त्या दिवसानंतर मी डबी ओतणं सोडलं असं नाही, फॉर्मवर आकडा लागतोच. पण आता आधी विचारते आणि मग मोजते. आणि "गोळ्या चुकतात का?" असं कधीच विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच असतं, जसं तुमच्या भावानं दिलं. मी म्हणते, सगळ्यांच्याच चुकतात, गेल्या आठवड्यात तुमची कुठल्या दिवशी राहिली? मग माणूस आठवायला लागतो.

तुम्ही आकडा काढलात, १४. मला तारखा हव्या आहेत. चार गोळ्या चुकल्या हे कळून काही उपयोग नाही, कुठल्या चार रात्री, तेव्हा तो कुठे होता, सोबत कोण होतं, ९ वाजता नेमकं काय चाललं होतं, हे कळलं की बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं. आणि हे चोरून शोधू नका. आधी त्याची माफी मागा, मोजल्याबद्दल. मग विचारा. उत्तर नाही दिलं तर नाही दिलं.

हातावर गोळी ठेवणं ही वाईट गोष्ट नाही, त्यानंच सांगितलं असेल तर. लादून नाही.

आणि नवऱ्याला सांगण्याचा विचार मनात येत असेल तर थांबा. ते सांगायचा हक्क फक्त भावाचा.

फार्मसीवाला:

मावशींनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. चार गोळ्या चुकल्या त्या वेगळ्या, पण ज्या घेतल्या त्या पोटात गेल्यावर रक्तात उतरल्या का, हेही बघा.

डोल्युटेग्राविर धातूंना चिकटतं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं ॲसिडिटीचं औषध, मग ते चघळायचं असो नाहीतर पातळ, कॅल्शियम, लोह, जस्त. आतड्यात दोघांची गाठ पडली की औषध शोषलंच जात नाही, माणूस मात्र म्हणतो मी रोज घेतो. आणि तो खरं बोलत असतो! ॲसिडिटीचं असं औषध घ्यायचं असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम आणि लोहालाही हाच नियम, फक्त भरल्या पोटी, जेवणासोबत घेणार असाल तर ती डोल्युटेग्राविरच्या बरोबरच घेतली तरी चालतात. ॲसिडिटीच्याच ओमेप्राझोलसारख्या कॅप्सूलचा डोल्युटेग्राविरला त्रास नाही.

टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोष्ट आणखी वेगळी. डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. ते डॉक्टर बघतात, पण टीबीचं औषध दुसरीकडून घेतलं आणि इथे सांगितलंच नाही असं होतं. भाऊ दुसरं काय काय घेतो ते त्यालाच विचारा. लोक ॲसिडिटीच्या गोळीला औषध समजतच नाहीत, म्हणून "आणखी काही औषध चालू आहे का" असं विचारलं की ते नाही म्हणतात.

मोठीबहीण:

सगळ्यांचे खूप आभार. पाच दिवस लागले, पण बोलणं झालं. तेरा_वर्षं, तुमचं लिहिलेलं मी त्याला मोबाइलवर वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं, काही बोलला नाही, मोबाइल परत दिला. रात्री स्वतःच येऊन बसला.

मी आधी माफी मागितली. मग मावशींनी सांगितलं तसं विचारलं, कुठल्या रात्री? त्याला चारही आठवत होत्या! सगळ्या नाइटच्या आठवड्यातल्या.

त्याचं काम असं आहे: एक आठवडा दिवसपाळी, ८ ते ८, पुढचा आठवडा रात्रपाळी, तीही ८ ते ८. दिवसपाळीत रात्री ९ ला तो घरी असतो, काही प्रश्न नाही. रात्रपाळीत ९ ला तो कामावर असतो. बॅगा एकाच खोलीत, कपाटांना कुलूप नाही, आणि डबी बॅगेतून काढली की खुळखुळते. एकदा कुणीतरी विचारलं, "काय रे, कसल्या गोळ्या?" हा म्हणाला, व्हिटॅमिन. तर तो म्हणतो, "मला पण दे एक." तेव्हापासून याचा धीरच गेला. कधी बाथरूममध्ये जाऊन पटकन गिळतो, कधी आसपास माणसं असली की जमत नाही.

आता पुढचं ऐका. मी विचारलं, अरे, मग सकाळी ९ ला घरी आल्यावर का नाही घेतलीस? तर म्हणतो, "वेळ टळली की घ्यायची नसते ना." मी बघतच राहिले. सुरुवातीला त्याला कुणीतरी सांगितलं होतं की वेळ काटेकोर पाळायची, तासाभराचा फरकही चालणार नाही. त्यानं त्याचा अर्थ असा लावला की ९ चे १० झाले तर त्या दिवसाची गोळी गेली, उशिरा घेतली तर उलट अपाय. म्हणजे मी ज्याला बेफिकीर समजत होते तो बिचारा नियम पाळत होता. तीन वर्षं!

आणि फार्मसीवाले, तुम्हीही बरोबर निघालात. नाइटला जागरणानं ॲसिडिटी होते म्हणून तो कामावर पोहोचला की चघळायची गोळी घेतो, साडेआठ-नऊच्या सुमारास. विचारलं तेव्हा म्हणाला, "ते काय औषध आहे का?"

आता काय करायचं? वेळ बदलता येते का? आणि तो विचारतोय की बदलायच्या दिवशी दोन घ्याव्या लागतील का.

समुपदेशक_मावशी:

वाचून मी कपाळावर हात मारून घेतला, तुमच्या भावाबद्दल नाही, आमच्या जमातीबद्दल. 'वेळेवर घ्या, वेळ चुकवू नका' हे आम्ही इतकं घोकून घेतो की 'चुकली तर काय करायचं' हे सांगायचंच राहतं. मीही कित्येकांना असंच अर्धं सांगितलं असणार.

तर उरलेलं अर्धं: ९ ची राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची. रात्री ११ ला, पहाटे ३ ला, सकाळी ९ ला, केव्हाही. फक्त पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर ती राहू द्यायची आणि पुढची तिच्या वेळेला एकच घ्यायची. दोन एकदम नाहीत. रक्तातलं डोल्युटेग्राविर निम्मं व्हायला साधारण १४ तास लागतात आणि टेनोफोविर तर पेशींच्या आत काही दिवस टिकून राहतं. दोन-तीन तास इकडे तिकडे झाले म्हणून काही कोसळत नाही. कोसळतं ते लागोपाठ दिवस गेले की, आणि त्याच्या बाबतीत राहिलेल्या रात्रींच्या जोडीला ॲसिडिटीच्या गोळीनं खाल्लेल्या रात्रीही होत्या.

रात्रीची वेळ आली कुठून तेही सांगते. एफाविरेन्झच्या काळात गोळी घेतली की गरगरायचं, भलभलती स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना द्यायचे. औषध बदललं, वेळ तशीच राहिली. डोल्युटेग्राविरला रात्रीची गरज नाही. काहींना तर त्यानं झोप लागत नाही म्हणून आम्हीच ते सकाळी घ्यायला सांगतो.

आता त्याचा दिवस मांडून बघा. दिवसपाळीत सकाळी साडेसहाला तो घरी आहे. रात्रपाळीत सकाळी ९ ला तो घरी आहे. म्हणजे सकाळी तो कायमच घरी, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या कपाटापाशी. एका आठवड्यात साडेसहा, दुसऱ्या आठवड्यात नऊ, अडीच तासांचा फरक. चालेल. सुट्टीच्या दिवशीही सकाळच. डबी कामावर न्यायचीच नाही. ॲसिडिटीची गोळी रात्री साडेआठला घेतली तरी सकाळच्या गोळीपासून दहा-बारा तास लांब पडते, तोही प्रश्न मिटला. (ॲसिडिटी एवढी का होते ते डॉक्टरांना दाखवा मात्र.)

बदलायच्या दिवशी: आदल्या रात्री ९ ला नेहमीची, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली सकाळची. अंतर एकदाच कमी पडेल. मध्ये जास्त अंतर पडण्यापेक्षा कमी पडलेलं बरं. तरी हे त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा. त्यांच्याकडे त्याची किडनीची आणि बाकीची कागदपत्रं आहेत, माझ्याकडे नाहीत. आणि तिथे हे सगळं त्यालाच बोलू द्या, तुम्ही नाही. चार रात्री चुकल्या, ॲसिडिटीची गोळी घेत होतो, वेळ टळली की घेत नव्हतो, असं नीट सांगितलं तर २,३०० चा अर्थ लावणं डॉक्टरांना सोपं जाईल.

कधी गावाला वगैरे डबी न्यावीच लागली तर वरच्या मोकळ्या जागेत स्वच्छ कापूस दाबून भरायचा, खुळखुळत नाही. आतली ती छोटी पुडी काढून टाकायची नाही, ती ओल शोषते.

परखड_बोल:

मघाशी मी जरा जास्तच बोललो. तो नियम पाळत होता हे डोक्यातच आलं नसतं.

एक विचारतो, टोमणा नाही. म्हणजे घरच्यांनी काहीच करायचं नाही का? नुसतं बघत बसायचं?

समुपदेशक_मावशी:

टोमणा वाटला नाही, प्रश्न बरोबरच आहे. २०१० साली केनियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तो मला फार आवडतो. नव्यानं औषध सुरू झालेल्यांना दवाखान्यातून आठवड्यातून एकदा मोबाइलवर मेसेज जायचा. त्यात औषधाचा शब्दसुद्धा नसायचा. नुसतं "मांबो?" म्हणजे "कसं काय?" उत्तर द्यायचं "सावा", बरंय, किंवा "शिडा", अडचण आहे. अडचण आली की नर्स फोन करायची. ज्यांना हा मेसेज जायचा त्यांच्यातले ६२ टक्के गोळ्या नीट घेत होते, न जाणाऱ्यांत ५०. व्हायरस दाबला जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. पुढच्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की आठवड्यातून एकदा आलेल्या मेसेजचा उपयोग झाला, रोज येणाऱ्यांचा तेवढा झाला नाही. रोजचं कुणालाही कटकटच वाटणार.

तेव्हा आठवड्यातून एकदा "कसं चाललंय?" विचारा आणि उत्तर काहीही आलं तरी आवाज चढवू नका. घरच्यांनी करायचं ते एवढंच, आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही. मी चौदा वर्षं तेच करते आहे, अजूनही कधी कधी आवाज चढतो.

तेरा_वर्षं:

भावाला माझा एक निरोप द्या. मीही सकाळीच घेतो. दात घासायचा ब्रश आणि डबी शेजारी शेजारी. आधी ब्रश, मग गोळी. रात्री ती गोळी दिवसभराचा हिशोब मागायची. सकाळी डोळे अर्धे मिटलेले असतात, फारशी जाणवतच नाही.

आणि त्याला कुणी सांगितलं नसेल तर हेही सांगा. ज्यांचा व्हायरस सापडत नाही त्यांच्याकडून जोडीदाराला शारीरिक संबंधांतून लागण होत नाही. पार्टनर नावाच्या अभ्यासात एकाला एचआयव्ही आणि एकाला नाही अशा जोडप्यांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, हजारो वेळा कंडोमशिवाय संबंध आले, औषधावर असलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. मला हे कळलं त्या दिवसापासून गोळी थोडी माझ्या बाजूची झाली. आत्ता त्याचा आकडा वर आहे, तोवर काळजी घेऊ दे. खाली आला की हे त्याच्याही कामाचं आहे.

मोठीबहीण:

तीन महिन्यांनी लिहिते आहे. डॉक्टरांनी सकाळची वेळ मान्य केली. समुपदेशकांशी तो तीनदा बोलला, मी बाहेर बाकावर बसले होते.

काल रिपोर्ट आला. ८४. पूर्वीसारखा 'आढळला नाही' नाही आला म्हणून मी जरा खट्टू झाले, तर त्यानंच मला समजावलं की हजाराच्या खाली आहे, डॉक्टर म्हणालेत औषध बदलायचं नाही, असंच चालू ठेवायचं, पुन्हा तपासायचं. हे बरोबर आहे ना मावशी?

मोजणं सोडलंय. खरं सांगते, पहिले दोन आठवडे आंघोळीच्या पाण्याचा आवाज आला की पाय आपोआप त्याच्या खोलीकडे वळायचे. आता रविवारी विचारते. गेल्या रविवारी म्हणाला, "एक राहिली होती, दुपारी आठवली, दुपारी घेतली."

समुपदेशक_मावशी:

बरोबर आहे. २,३०० वरून ८४ म्हणजे औषध काम करतंय. पुढची तपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला चुकवू नका, आणि 'आढळला नाही' येईपर्यंत तेरा_वर्षं यांनी सांगितलेली काळजी चालू ठेवायला सांगा.

दुपारी आठवली आणि दुपारी घेतली, हे वाक्य मी उद्या माझ्या तीन नव्या पेशंटना सांगणार आहे. नाव अर्थातच नाही घेणार. ॲसिडिटीचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीत तुम्ही.

मोठीबहीण:

कमी आहे. पण नाइटच्या आठवड्यात अजून होतेच. पुढच्या सोमवारी दाखवायला जाणार आहे, त्या चघळायच्या गोळीचं रिकामं पाकीट सोबत घेऊन. म्हणाला, या वेळी औषध म्हणून सांगतो.